सवय झाली, की ऐकूच येत नाही?

बाळ कधी चालायला लागले, असे विचारले की आमच्या सोलापूरची आई सहसा महिना सांगत नाही, सण सांगते. 'मार्कंडेयाचा रथ निघायच्या आधी चार दिवस जन्मला. गड्ड्याच्या वेळी बोरन्हाण केलं तेव्हा टेकून बसत होता. पुढच्या रथोत्सवाला पावलं टाकायला लागला बघा.' हिशेब आम्ही करायचा. श्रावणातला जन्म, संक्रांतीला पाच महिने, पुढच्या नारळी पौर्णिमेला एक वर्ष. म्हणजे सगळे वेळेवर.

काही वर्षांपूर्वी शहराच्या पूर्व भागातून आलेल्या एका आईने मला असाच चोख हिशेब दिला होता. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) मुलगा अडीच वर्षांचा, खोकल्यासाठी आणलेला. 'आणि बोलायला कधी लागला?' या प्रश्नाला मात्र तिच्याकडे सण नव्हता. उत्तर आजीने दिले. 'त्याचा बापपण उशिरानंच बोलला. आणि घरात तीन भाषा. आम्ही तेलुगू बोलतो, गल्लीत मराठी, शेजारी कानडी. पोराचा गोंधळ होतोय.' वडिलांनी थोड्या कौतुकानेच भर घातली, 'घराला लागूनच मागाची शेड आहे. मध्यरात्री माग सुरू झाले तरी हा उठत नाही. सवय झालीय त्याला.'

मूल माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. आईने त्याला मांडीवर पाठमोरे बसवले. मी मागे जाऊन वाटीवर चमचा वाजवला. मान वळली नाही. पुन्हा वाजवला, तरी नाही.

पुढच्या आठवड्यात झालेल्या तपासणीत दोन्ही कानांना तीव्र श्रवणदोष असल्याचे स्पष्ट झाले. बहुधा जन्मापासूनचा.

सवय कशाची होते?

त्या वडिलांचे म्हणणे खुळे नव्हते. बाळाला आवाजाची सवय खरोखरच होते. तोच आवाज पुन्हा पुन्हा आला की मेंदू त्याची दखल घेणे थांबवतो. पण सवय होते ती एका ठरावीक आवाजाची, सगळ्या आवाजांची नव्हे. मागाच्या खडखडाटात शांत झोपणारे बाळ एरवी नवा आवाज झाला, भांडे पडले, तर दचकते. आईची हाक आली तर वळते. कोणत्याच आवाजाने दचकत नसेल, तर ती सवय नव्हे.

फसगत होण्याचे आणखी एक कारण आहे. ऐकू न येणारे बाळही पहिले काही महिने 'आऽ, ऊऽ' करते, रडते, हसते. त्यामुळे आवाज काढतोय म्हणजे ऐकतोय, असे घरच्यांना वाटते. फरक पडतो तो साधारण सहा महिन्यांनंतर. ऐकणारे बाळ 'बाबाबा', 'दादादा' अशी अक्षरांची माळ लावू लागते. ऐकू न येणाऱ्या बाळात ही माळ फार उशिरा येते किंवा येतच नाही.

जन्मतः कायमचा श्रवणदोष असणे ही तितकीशी दुर्मीळ गोष्ट नाही. दर हजार नवजात बाळांमागे एक ते तिघांना तो असू शकतो. कमी वजनाचे, अतिदक्षता कक्षात राहिलेले, खूप कावीळ झालेले किंवा मेंदूज्वर झालेले बाळ असेल तर धोका वाढतो. मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांचे लग्न आपल्या भागात नवे नाही. अशा नात्यातल्या लग्नांतही आनुवंशिक श्रवणदोषाची शक्यता अधिक असते. यांपैकी काहीही असेल, तर बाळ ठणठणीत दिसत असले तरी कान तपासून घ्यावेत.

तीन भाषांचा दोष नाही

आजीच्या मुद्द्याचेही उत्तर द्यायला हवे, कारण सोलापुरात हा समज घरोघरी आहे. तेलुगू, कानडी, मराठी, उर्दू कानावर पडतच इथली मुले वाढतात. अनेक भाषा ऐकल्यामुळे मूल मुके राहत नाही. दोन भाषांच्या घरातली मुलेही पहिला शब्द वर्षाच्या आसपासच बोलतात. ती शब्द मिसळतात, पण तो गोंधळ नाही, शिकण्याचाच भाग आहे. शब्द मोजताना मात्र सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे. पाण्याला 'नीळ्ळु', दुधाला 'पालु' आणि मांजराला 'माऊ' म्हणणाऱ्या मुलाकडे तीन शब्द आहेत, एक नव्हे. आजीने तेलुगूत बोलणे थांबवू नये. उलट भरपूर बोलावे.

कशाची काळजी करायची, कशाची नाही

चालण्याबाबत पालक फार घायकुतीला येतात. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून 2006 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसण्याचा सर्वसाधारण काळ सुमारे 4 ते 9 महिने, तर एकट्याने चालण्याचा 8 ते साडेसतरा महिने असा निघाला. चार टक्क्यांच्या आसपास मुले गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी पुढे चालली. म्हणून शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले आणि आपले चौदाव्यात, यात काळजीचे काही नाही. चालायला लवकर शिकावे म्हणून चाकांच्या वॉकरमध्ये बसवू नका. त्याने चालणे लवकर येत नाही, उलट अपघात होतात. कॅनडाने 2004 मध्ये अशा वॉकरवर बंदीच घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात मूल बसत नाही, स्वतःच्या पायांवर उभे राहून तो ढकलते. मोठे माणूस शेजारी असेल तर तो चालेल.

चालण्याच्या बाबतीत अशी घाई, आणि बोलण्याच्या बाबतीत मात्र 'बोलेल की, एवढी काय गडबड!' खरे तर उलटे हवे. भाषा शिकण्यासाठी मेंदू सर्वांत तयार असतो तो पहिल्या तीन वर्षांत. तो काळ शांततेत गेला, तर नंतर यंत्र बसवूनही पूर्ण भरपाई होत नाही. म्हणून जगभर 1-3-6 असा साधा नियम पाळतात. पहिल्या महिन्यात कानांची चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू.

लसीची तारीख, विकासाची तपासणी

आपल्याकडे बाळ लसीसाठी ठरलेल्या वेळी येतेच. प्रत्येक वेळी सोबत काही प्रश्न विचारा.

दीड महिना: मोठ्या आवाजाला दचकते का? चेहरा बघून हसू लागले का? तीन महिने झाले तरी हसत नसेल तर दाखवा.

साडेतीन महिने: मान धरते का? आईच्या आवाजाने शांत होते का?

नऊ महिने: आधाराशिवाय बसते का? 'बाबाबा', 'दादादा' म्हणते का? हाक मारल्यावर वळते का?

सोळा ते चोवीस महिने: चालते का? हवे ते बोटाने दाखवते का? काही शब्द बोलते का? दीड वर्षाला एकही शब्द नसेल, किंवा दोन वर्षांनी 'आई ये', 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नका.

आणि कोणत्याही वयात, आलेली गोष्ट गेली, म्हणजे बोलणारे मूल बोलेनासे झाले किंवा नजर देईनासे झाले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे या.

माता व बाल संरक्षण कार्डात हे टप्पे चित्रांसह दिलेले असतात. बहुतेक घरांत फक्त लसीचे पान उघडले जाते. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांना तपासते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि मनातली शंका बोलून दाखवा.

घरी परीक्षा घ्यायची तर बाळाच्या मागे, नजरेआड उभे राहून वाटी-चमचा वाजवा, कागद चुरगळा, हळू हाक मारा. टाळी वाजवली किंवा दार आपटले तर वाऱ्याची झुळूक, जमिनीचा हादरा यांनीही बाळ वळू शकते. शिवाय घरच्या परीक्षेत 'पास' झालेल्या बाळालाही कमी ऐकू येत असू शकते. शंका असेल तर ओएई किंवा बेरा ही चाचणीच हवी. दोन्हींत सुई नाही, वेदना नाही. बाळ झोपलेले असताना होतात. शासकीय रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात त्यांची चौकशी करा.

घरात काय करता येईल?

पाळणा मागाच्या शेडमध्ये किंवा तिच्या भिंतीला लागून ठेवू नका. जिथे दोन माणसांना एकमेकांशी ओरडून बोलावे लागते, तो आवाज मोठ्यांच्याही कानांना वर्षानुवर्षे घातक ठरतो. बाळापर्यंत तर त्या गोंगाटात आईचे शब्दच पोहोचत नाहीत. मोबाइलही लांब ठेवा. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असे बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना सांगते. मोबाइल बोलतो, पण मुलाने काही म्हटले तर थांबून उत्तर देत नाही. विडी वळणाऱ्या आया म्हणतात, 'आम्हाला वेळ कुठं?' तंबाखूचे सूप बाळापासून लांब हवेच. पण हात कामात असले तरी तोंड मोकळे असते. पाने मोजताना मोठ्याने मोजा, गल्लीतून कोण गेले ते सांगा. भाषा अशीच येते.

त्या मुलाचे जुने केसपेपर मी नंतर पाहिले. लसी सगळ्या वेळेवर. मधल्या काळात खोकल्यासाठी दोनदा येऊन गेलेला. त्यातल्या एका नोंदीखाली माझीच सही होती. छाती तपासली होती, वजन लिहिले होते. 'हाक मारली तर वळतो का?' हा प्रश्न मीही विचारला नव्हता. गर्दी होती, हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. तेव्हापासून कोणतेही तान्हे मूल कशासाठीही आले, तरी तो प्रश्न मी विचारतो.

दोन्ही कानांना यंत्रे बसली. वाचा उपचार सुरू झाले. आजीला सांगितले, तेलुगूत बोलत राहा, समोर बसून बोला. काही महिन्यांनी आई पुन्हा आली, आणि या वेळी तिच्याकडे सण होता. 'गणपतीत अम्मा म्हणाला, डॉक्टर.'

सवयीने मी हिशेब केला. तीन वर्षे. जो शब्द पहिल्या रथोत्सवाला यायचा, तो तिसऱ्यानंतर आला होता.