सांध्यातलं पाणी

ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली आणि 30 ऑक्टोबर 2023पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. त्या आठवड्यात सगळ्यांनी काळ्या-पिवळ्या रंगाच्या, टपावरच्या कॅरिअरच्या आठवणी काढल्या. मला आठवले तिचे सांधे.

1964 साली ही गाडी फियाट 1100 डिलाइट म्हणून कुर्ल्यात बनू लागली, पुढे तिची पद्मिनी झाली. तो काळ माझा नव्हे. आमच्या घरी पद्मिनी होती ती 1988 ते 1998. आम्ही माहीमला राहत होतो, गाडी रात्रंदिवस खाऱ्या वाऱ्यात उभी असायची. तिला वेगळी चॅसी नव्हती. फ्लोअर आणि दारांखालचे पोकळ पत्रे हाच तिचा कणा, आणि नेमका तोच आधी सडायचा. दोन पत्रे एकावर एक ठेवून वेल्डिंगचे टाके मारले की मध्ये केसाएवढी फट राहते. पाणी तिथे आपोआप ओढलं जातं, मिठामुळे लवकर सुकत नाही. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आतूनच सांधा उकलतो.

आमचे मिस्त्री सडक्या पत्र्यावर ठिगळ लावत नसत. चकचकीत धातू लागेपर्यंत कापायचे, मग वेल्डिंग, ग्राइंडिंग, प्रायमर. तो वाळला की सांध्यात सीलर दाबून भरायचे. लांबी (पुट्टी) त्यानंतर, तीही वरच्या पत्र्यावरच, कारण लांबी पाणी पिते. दाराच्या तळाची भोकं मात्र तारेनं मोकळी करायचे. आत शिरलेल्या पाण्याला वाट हवीच. हे काम गाडी घरी आली की कुणाला दिसत नसे, म्हणून त्याचे पैसे द्यायला लोक कुरकुरत.

1996 साली घरातल्या लग्नाची घाई होती म्हणून आम्ही गाडी दुसऱ्या गॅरेजात दिली. चार दिवसांत आरशासारखी होऊन आली. जुलैत आईच्या पायाखालची मॅट ओली झाली. पुढच्या पावसाळ्यात मडगार्डवर फुगे आले, स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. आत सीलरचा थेंब नव्हता, सांधाभर नुसती लांबी. तो राग अजून गेलेला नाही. 1998 साली गाडी भंगारात दिली तेव्हा इंजिन उत्तम चालत होतं.

आज पॉलियुरेथेन सीलरची नळी घरपोच मिळते. जस्ताचा प्रायमर आहे, पोकळ भागात फवारायचं मेण आहे. तरी जुन्या गाड्या नव्या करणारे कितीतरी जण हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन उघड्या पत्र्यावर फासतात. ज्याला व्हिनेगरचा वास येतो त्यातून सुटणारं आम्लच पत्रा खातं, आणि सिलिकॉनवर रंगही धरत नाही. मनापासून सांगतो, हे बघवत नाही.

गेल्या मे महिन्यात एका स्नेह्यानं हौसेनं सजवलेली पद्मिनी दाखवायला नेलं. रंग अप्रतिम होता. मी मॅट उचलली आणि सांध्यावरून नख फिरवलं. पांढरी पट्टी सालासारखी निघून आली, खाली पत्रा लाल झालेला.