जीपचे स्टेअरिंग ढिले झाले तर

बैलगाडी वळवायची तर आपण कासरा ओढतो. बैल वळतो, गाडी वळते. मोटारीला कासरा नाही. तिला स्टेअरिंग आहे. कासरा तुटला तर हाक मारून बैल थांबवता तरी येतो. भर वेगात स्टेअरिंग सुटले, तर गाडी कुठे जाईल याचा नेम नाही.

आपल्याकडे जीप पुष्कळ. मुंबईत महिंद्र कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस जीप जुळवायला सुरुवात केली. पुढे ही गाडी खेडोपाडी पोचली. नांदेड-लातूर रस्ता लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर असा जातो. वाटेत बालाघाटाचे चढउतार आहेत. बाजाराच्या दिवशी, माळेगावच्या यात्रेला, माणसे भरून गाड्या धावतात. त्या सगळ्यांचा जीव एका दांडीच्या सांध्यावर असतो. तो सांधा कसा असतो, झिजला तर कसा बदलावा, ते आज पाहू. ही माहिती जुन्या पद्धतीच्या जीपची आहे. नव्या गाड्यांची रचना थोडी वेगळी असते.

सांधा कसा असतो?

स्टेअरिंगच्या दांड्याखाली एक पेटी असते. पेटीतल्या दात्यांमुळे हाताचा थोडा जोर चाकाला मोठा होऊन मिळतो. पुढची दोन्ही चाके एका आडव्या दांडीने जोडलेली असतात. तिला टायरॉड म्हणतात. टायरॉडच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा असतो. त्याला मेकॅनिक टायरॉड एंड म्हणतात.

आपल्या खांद्याचा सांधा आठवा. वाटीत गोळा बसलेला, म्हणून हात चहूकडे फिरतो. टायरॉड एंड तसाच. लोखंडी वाटीत लोखंडी गोळा, मध्ये ग्रीस आणि वरून रबरी टोपी. ही टोपी फाटली की धूळ आणि चिखलाचे पाणी आत जाते. ग्रीस धुऊन जाते. गोळा वाटीला घासतो आणि सांध्यात खेळ येतो. म्हणजे बघा, बिघाडाचे मूळ पुष्कळदा त्या लहानशा टोपीत असते.

झिजला हे कसे ओळखावे?

स्टेअरिंग बरेच फिरवले तरी चाक हलत नाही. खड्ड्यात खडखड आवाज येतो. गाडी सरळ चालत नाही. पुढचे टायर एका कडेने खाल्ले जातात.

खात्री करायची तर गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद. एकाने स्टेअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे. दुसऱ्याने वाकून, बाहेरूनच, सांध्याकडे पाहावे. दांडी हलते पण चाकाचा हात उशिरा हलतो, तर तो सांधा गेला.

बदलायचा कसा?

१. जमीन कडक व सपाट हवी. हँडब्रेक लावा. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. चाकाचे नट जरा सैल करून मग जॅक लावा. गाडी उचलली की खाली भक्कम घोडी ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक सरकला की माणूस गेलाच.

२. चाक काढा. सांध्यावरची माती पुसून आट्यांवर तेल सोडा. थोडा वेळ मुरू द्या.

३. दोन्ही सांध्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहा. आता लिहिता येते, त्याचा हा उपयोग!

४. नटात अडकवलेली पिन काढा. नट सैल करा, पण दोन-तीन आट्यांवर राहू द्या. नंतर चाकाच्या हाताला, ज्या भोकात सांध्याची खुंटी बसते त्याच्या बाजूवर, हातोडा मारा. आट्यांवर मारू नका. खुंटी निमुळती असते, ती हादऱ्याने सुटते.

५. दांडीवरचा पट्टा सैल करून सांधा उलटा फिरवून काढा. किती फेरे झाले ते मोजा. एका टोकाचे आटे उलटे असतात, हे ध्यानात ठेवा. दुकानात जुना सांधा दाखवूनच नवा घ्या.

६. नवा सांधा तेवढेच फेरे घालून बसवा. अंतर पुन्हा मोजा. वहीतल्या आकड्याशी जुळले पाहिजे.

७. नट पक्का आवळा. या नटाला किल्ल्याच्या तटावर असतात तशा खाचा असतात. खाच भोकासमोर आली नाही, तर नट आणखी थोडा आवळावा. मागे फिरवू नये. मग नवी पिन घालून टोके दुमडा. बैलगाडीच्या कण्याला खीळ असते तशी ही पिन. दिसायला काडीएवढी, पण ती नसली तर नट हळूहळू सुटतो.

८. पट्टा आवळा. ग्रीस भरायची सोय असेल तर ग्रीस भरा. चाक बसवून गाडी खाली घ्या आणि चाकाचे नट पुन्हा आवळा.

काही जण म्हणतात, "गुरुजी, सांधा ठोकून घट्ट केला तर पैसे वाचतात की." तसे करू नये. तारेने बांधणे, वेल्डिंग मारणे, हेही नको. गोळा झिजला तो झिजला. ठोकल्याने तो भरून येत नाही.

एवढ्यावर काम संपत नाही

आधी मोकळ्या जागी सावकाश गाडी चालवून पाहा. मग सांभाळून तालुक्याला किंवा शहरात नेऊन चाकांचे अलाइनमेंट करून घ्या. पुढची चाके एकमेकांशी जुळली नाहीत तर नवे टायरही लवकर जातात.

स्टेअरिंगची पेटी मात्र घरी उघडू नये. ते जाणत्या मेकॅनिकचे काम. आपल्या कामाविषयी शंका असली तरी त्यालाच दाखवावे. त्यात कमीपणा नाही.

भाड्याच्या गाडीला फिटनेसचा दाखला कायद्याने लागतो. पण दाखला काही रोज गाडी तपासत नाही. ते काम मालकाचे. महिन्यातून एकदा खाली वाकून त्या रबरी टोप्या पाहा. आणि तुम्ही प्रवासी असाल, चालक स्टेअरिंग गरागरा फिरवतो आणि गाडी उशिरा वळते असे दिसले, तर भीड धरू नका. "दादा, टायरॉड बघून घ्या," असे सांगा. गाडी त्याची असली तरी आत बसलेली माणसे आपली आहेत.