मंत्र म्हणा, पण आधी फासे टाका!

समोर राक्षस दात विचकून उभा आहे. तुमचा जादूगार हात उंचावतो, मंत्र पुटपुटतो आणि... काहीच होत नाही! राक्षस आपला तसाच उभा. का? फाशांवर ६२ आले म्हणून. हवे होते ४५ किंवा त्याहून कमी.

हा प्रकार घडतो एका टेबलाभोवती, कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन. खेळाचं नाव ‘ड्रॅगनक्वेस्ट’. न्यूयॉर्कच्या एसपीआय कंपनीने तो १९८० मध्ये काढला. दोनच वर्षांनी टीएसआर या दुसऱ्या कंपनीने तो ताब्यात घेतला, १९८९ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली आणि मग दुकानातला खेळ संपला. पण न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात काही मंडळींनी तो सोडलाच नाही. ‘सीगेट अ‍ॅडव्हेंचरर्स गिल्ड’ या नावाने ते तो वर्षानुवर्षं खेळत राहिले. नियमांत स्वतःची भर घातली. गोष्ट पुढे नेणारे सूत्रधारही अनेक, आणि सगळ्यांच्या मोहिमा एकाच काल्पनिक जगात, आलुसियात! (ऑकलंडखाली पन्नासहून जास्त ज्वालामुखी आहेत. अग्निजादू शिकायला याहून चांगलं गाव कुठलं?)

आता लढाईकडे या. तलवारवाला सरळ वार करतो. जादूगाराला आधी मंत्राची तयारी करावी लागते, तो सोडायचा त्याच्या पुढच्या फेरीत. मधल्या वेळात कुणी जोराचा तडाखा देऊन त्याला भोवंडून टाकलं, की लक्ष उडालं आणि मंत्र गेला. अंगाला लोखंड लागलेलं असेल तर जादू चालतच नाही, म्हणून पोलादी चिलखत घालायची सोय नाही. बिचाऱ्याला पोलादाशिवायच रणात उतरावं लागतं!

मला सगळ्यात आवडतो तो थकव्याचा हिशोब. प्रत्येक मंत्राला थोडी ताकद खर्च होते. आणि शत्रूचे घाव आधी सोसते तीही हीच ताकद. कबड्डीत चढाईला गेलेल्याने सगळा दम एकाच गड्यामागे घालवला, तर मधली रेघ गाठायला काय उरणार? म्हणून हुशार खेळाडू प्रत्येक मंत्राआधी विचार करतो, आत्ता टाकू की राखून ठेवू?

आणि मग फासे. दहा बाजूंचे दोन. प्रत्येक बाजू पतंगाच्या आकाराची आणि सगळ्या अगदी सारख्या, त्यामुळे कुठलीही वर येण्याची शक्यता सारखीच. एक फासा दशक सांगतो, दुसरा एकक. दोन्हीवर शून्य आलं तर १००. लुडोचे दोन फासे टाकून बेरीज केलीत, तर ३६ प्रकारांपैकी ७ येतात ६ प्रकारांनी आणि १२ फक्त एकाच. इथे बेरीज नाहीच. १ असो की १००, प्रत्येक आकड्याला शंभरात एकच संधी. म्हणून ‘४५ टक्के’ म्हणजे खरोखर ४५ टक्के.

आकडा फारच कमी आला तर मंत्राचा परिणाम दुप्पट, कधी तिप्पटसुद्धा होतो. आणि हव्या त्या आकड्याच्या खूपच वर गेला तर? मंत्र उलटतो! जादूगाराची स्वतःचीच पंचाईत होते. थोडक्यात हुकणं परवडतं, भलतंच हुकणं नाही.

मंत्र लागला तरी समोरचा मुकाट्याने सोसत नाही. बऱ्याच मंत्रांना तो आपल्या इच्छाशक्तीच्या जोरावर थोपवू शकतो, त्यासाठी त्याचेही फासे पडतात. शिवाय आग, पाणी, हवा, भ्रम अशा जादूच्या प्रत्येक शाखेला तोडीचे प्रतिमंत्र असतात. नावांची विद्या जाणणारे ‘नेमर’ तर दुसऱ्या शाखांचेही प्रतिमंत्र शिकतात. ते कुणाला आवडत नसावेत!

आता आपल्या जादूगाराकडे परत जाऊ. ४५ टक्क्यांचा मंत्र त्याने दोनदा टाकला, तर दोन्ही फसण्याची शक्यता ५५ टक्क्यांचे ५५ टक्के, म्हणजे साधारण ३०. निदान एक तरी लागेल याची शक्यता झाली ७०! ताकद मात्र दुप्पट गेली.

आणि तीनदा टाकला तर? तिन्ही फसण्याची शक्यता किती? घ्या पेन्सिल. (उत्तर : जवळजवळ १७ टक्के.)