शेड कार्डावर राखाडी, भिंतीवर निळा! रंग घेण्याआधी एवढं करा

दिवाळी जवळ आली की गावोगावी रंगकामाला सुरुवात होते. पूर्वी चुना नाहीतर आकाशी-पोपटी डिस्टेंपर ठरलेला असायचा. आता हॉलसाठी राखाडी आणि बदामीच्या मधला, मातकट राखाडी रंग जास्त मागतात. पण याच रंगात फसगत जास्त होते.

मागच्या दिवाळीला मी स्वतः फसलो. शेड कार्डावर चार पट्ट्या सारख्याच दिसल्या, एकीवर बोट ठेवलं. दोन हात मारून झाले, दिवसा बरं दिसलं. रात्री दिवा लावला तर भिंती निळसर! आई म्हणाली, "हॉलचा दवाखाना केलास की रे." मशीनवर मिसळलेला रंग दुकानदार परत घेत नाही. पुन्हा रंग, पुन्हा मजुरी.

असं का होतं?

मशीन पांढऱ्या बेसमध्ये थोडा काळा, पिवळा, तांबडा, निळा असे रंग टाकतं. त्यामुळे प्रत्येक राखाडीच्या पोटात दुसरी एक छटा लपलेली असते. कुणात हिरवी, कुणात जांभळी, कुणात पिवळी. छोट्या पट्टीवर ती कळत नाही, चार भिंतींवर लगेच कळते.

त्यात उजेडाचाही खेळ असतो. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड निळसर असतो, तिथे राखाडी आणखी थंड दिसतो. तिथे पिवळसर झाक असलेला घ्या. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी तोच रंग पिवळा-तांबूस वाटतो. खिडकीसमोर ऊस किंवा झाडी असेल तर भिंतीवर हिरवट झाक येते. एलईडीच्या खोक्यावरही बघा. 6500 केल्विन म्हणजे पांढरा-निळसर उजेड, 3000 म्हणजे पिवळसर.

मग निवडायचा कसा?

• शेड कार्डाची पट्टी कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा. चार पट्ट्या शेजारी लावल्या की लपलेली छटा दिसते.

• दोन-तीन शेडचे लहान डबे आणा. दोन-दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर पांढरा प्रायमर मारून रंगाचे दोन हात द्या. ओला रंग बघून ठरवू नका, पूर्ण वाळू द्या.

• पुठ्ठा आळीपाळीने प्रत्येक भिंतीला, फरशीजवळ टेकवा. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघा.

• खिडकी लहान असेल तर फिकट शेड घ्या. काही कार्डांवर एलआरव्ही हा आकडा असतो. तो जितका मोठा, तितका भिंत उजेड जास्त परत फेकते.

• शेडचा नंबर लिहून ठेवा. सगळा रंग एकदमच आणा आणि डबे एकमेकांत मिसळून घ्या, म्हणजे भिंतीभिंतीत फरक पडत नाही.

भिंतीला ओल असेल तर मात्र आधी ती काढा. ओलीवर कोणताच रंग टिकत नाही.

लहान डब्याला थोडे पैसे जातात, दोन दिवस मोडतात. पण अख्खा हॉल दुसऱ्यांदा रंगवण्यापेक्षा ते परवडतं, हे अनुभवाने सांगतोय.