पाइप गळतो तेव्हा

सकाळी गाडी बाहेर काढताना खाली हिरवट किंवा गुलाबी ओला डाग दिसला, तर तो ओलांडून पुढे जाऊ नका. एसीचं पाणी नितळ असतं, इंजिनाचं तेल काळपट आणि चिकट. रंगीत, गोडसर वासाचा द्रव असेल तर ते कूलंट, आणि बहुतेक वेळा ते गळतं इंजिन आणि रेडिएटर यांना जोडणाऱ्या रबरी पाइपातून. मंडळी, हे काम घरच्या घरी होण्यासारखं आहे. मात्र त्यातली पहिली पायरी म्हणजे काहीही न करता थांबणं.

का थांबायचं? साधं पाणी १०० अंशांना उकळतं. गाडीत मात्र झाकण घट्ट असल्यामुळे आत दाब राहतो आणि १०० अंशांच्या वर जाऊनही कूलंट उकळत नाही. तापलेल्या गाडीचं झाकण उघडलं की दाब एकदम जातो आणि उकळता फवारा तोंडावर, हातावर येतो. झाकणावर ओलं फडकं टाकून ते उघडणारे शूर पुष्कळ असतात. त्यांचं अनुकरण करू नका. तास-दीड तास जाऊ द्या. वरचा पाइप हाताला गार आणि दाबल्यावर मऊ लागला की कामाला लागा. त्याआधी चावी काढून ठेवा, कारण काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो.

आता गळतीची जागा शोधा. कूलंट वाळलं की पांढरट किंवा रंगीत खूण राहते. ती पाइपाच्या टोकाशी असेल, तर नुसती क्लिप सैल झाली असेल. स्क्रू ड्रायव्हरने ती आवळा, पण बेताने. रेडिएटरचं तोंड अनेकदा प्लॅस्टिकचं असतं, जास्त आवळलं की तडकतं. भेग अगदी टोकाला असेल आणि पाइप लांबीला पुरत असेल, तर खाली स्वच्छ घमेलं ठेवून कूलंट काढा. धारदार ब्लेडने खराब तुकडा सरळ कापा, तोंड पुसा, पाइप पुरता आत सरकवा आणि क्लिप बसवा.

भेग मधोमध असेल तर पाइप बदलणं हाच उपाय. स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेप कोरड्या पाइपावर ताणून गुंडाळली, तर गाडी हळूहळू गॅरेजपर्यंत जाऊ शकते. तेवढंच तिचं काम. सोल्यूशन लावून भागत नाही. पाइप सारखा फुगतो आणि आकसतो.

मग गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं कूलंट भरा. घट्ट कूलंट असेल तर बहुधा निम्मं डिस्टिल्ड वॉटर घालतात. नळाच्या पाण्यातल्या क्षारांचा आत थर बसतो. भरताना हवा अडकून राहते. पुस्तिकेतल्या पद्धतीने ती काढा, नाहीतर पाइप धड असूनही गाडी तापेल. चक्कर मारून आल्यावर, गाडी गार झाली की पातळी पुन्हा बघा.

घाटात काटा चढू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. काटा अचानक खाली आला तरी हुरळून जाऊ नका. कूलंट संपलं की उष्णता मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं सांगतो. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो. काहीशे रुपयांच्या पाइपापायी इंजिनाचं हेड उतरवायची वेळ येते ती अशी.

आणि ते घमेलं उघड्यावर ठेवू नका. बहुतेक कूलंटमध्ये इथिलिन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड, पण विषारी. कुत्री-मांजरं चाटतात, लहान मुलं हात घालतात. सांडलेलं लगेच पुसून धुवा, उरलेलं झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर नाव लिहून गॅरेजात द्या. गटारात ओतू नका.