पाळीव प्राण्यांचे मूत्रविकार : लेझर उपचार कोठे उपयोगी, कोठे नाही

जयपूर असो वा नागपूर, उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. या काळात पाणी कमी पिणाऱ्या प्राण्यांचे मूत्र घट्ट होते व त्यातील क्षारांचे खडे बनण्याची शक्यता वाढते. जयपूरच्या बनी पार्कसारख्या शहरी वस्तीत कोरड्या खाद्यावर वाढणाऱ्या कुत्र्या-मांजरांबाबत हे विशेष लक्षात ठेवावे लागते. अशा विकारांवर आता लेझर उपचार सुचविले जातात. मात्र या नावाखाली दोन भिन्न पद्धती येतात.

खडा फोडणारे लेझर : प्राण्यास पूर्ण भूल देऊन मूत्रमार्गातून दुर्बीण आत नेली जाते व होल्मियम लेझरच्या (तरंगलांबी सुमारे २१०० नॅनोमीटर) साहाय्याने खड्याचे बारीक तुकडे केले जातात. पोटावर छेद घ्यावा लागत नाही. बोक्यांचा व लहान नर कुत्र्यांचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने त्यांच्यात ही पद्धत सहसा वापरता येत नाही. स्ट्रुव्हाइटचे खडे बहुधा विशेष आहाराने विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत. म्हणून खड्याचा प्रकार आधी ठरवावा.

वेदनाशामक लेझर : ६०० ते १००० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्वचेवरून दिला जातो. पेशींतील मायटोकॉन्ड्रिया तो शोषून घेतात. त्यामुळे सूज व वेदना कमी होण्यास मदत होते. मूत्राशयदाहात हा केवळ पूरक उपचार होय. त्याने खडा फुटत नाही, तसेच मूत्रपिंडाच्या नष्ट झालेल्या गाळण्याही पुन्हा तयार होत नाहीत. रक्तातील क्रिएटिनीन वाढलेले आढळते, तोवर मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश कार्यक्षमता गेलेली असते. तेथे मुबलक पाणी, योग्य आहार व औषधे हाच मुख्य आधार ठरतो. कर्करोगाच्या गाठीवर व गाभण मादीच्या पोटावर हे लेझर वापरू नये.

विलंब टाळावा : बोका वारंवार कुंथत असेल व मूत्र थेंबथेंब येत असेल, तर ती बद्धकोष्ठता समजू नये. मूत्र पूर्णपणे अडल्यास रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयक्रिया बिघडते आणि दोन-तीन दिवसांत प्राणी दगावू शकतो. धान्याचा खुराक अधिक मिळणाऱ्या बोकडांतही मूत्र अडण्याचा असाच धोका असतो. अशा वेळी लेझरच्या सत्रांत वेळ न दवडता प्राण्यास तत्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे आणि अडलेले मूत्र प्रथम मोकळे करून घ्यावे.