दवाखान्यातील अनुभव ते संशोधन : समन्वित चिकित्सेतील चिकित्सकांना साहाय्याची आवश्यकता

प्रस्तावना

आधुनिक वैद्यक आणि आयुर्वेद, योग यांसारख्या परंपरागत पद्धती यांचा रुग्णाच्या हितासाठी विचारपूर्वक मेळ घालणे म्हणजे समन्वित चिकित्सा होय. भारतात हा मेळ शास्त्रज्ञांनी घालण्यापूर्वीच रुग्णांनी घातलेला आहे. मधुमेहाची गोळी सुरू असलेला रुग्ण काढाही घेतो आणि योगवर्गालाही जातो. या एकत्रित उपचारांचे परिणाम सर्वप्रथम दिसतात ते दवाखान्यातील चिकित्सकाला. परंतु त्याने पाहिलेले बहुतेक वेळा त्याच्या स्मरणातच राहते आणि त्याच्याबरोबरच लोप पावते. हे निरीक्षण तपासता येण्याजोग्या ज्ञानात कसे रूपांतरित होते आणि त्यासाठी चिकित्सकाला कोणत्या साहाय्याची आवश्यकता असते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना

नित्याच्या रुग्णसेवेतून निर्माण झालेला प्रश्न घेऊन, त्याच रुग्णसेवेत पद्धतशीर नोंदी करून केलेले संशोधन म्हणजे व्यवहाराधारित संशोधन. प्रयोगशाळेतील संशोधन औषधाच्या क्रियेचा शोध घेते. मोठ्या रुग्णालयातील चाचणीत काटेकोरपणे निवडलेले रुग्ण असतात. याउलट दवाखान्यात येणाऱ्या रुग्णाला एकाच वेळी दोन-तीन विकार असतात, तो पथ्य कधी पाळतो, कधी मोडतो आणि शेजाऱ्याने सुचविलेले औषधही घेतो. उपचाराचा खरा उपयोग या परिस्थितीत किती होतो, हे केवळ तेथेच समजू शकते.

सर्पगंधेचे उदाहरण

या प्रक्रियेचे उत्तम उदाहरण मुंबईतच घडले. कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेचा उपयोग उन्माद आणि उच्च रक्तदाब यांवर होतो, असे नोंदविले होते. मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांमध्ये या वनस्पतीचा वापर केला आणि उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर सर्पगंधेकडे जगाचे लक्ष वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. या कार्यासाठी डॉ. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

सर्पगंधा देणारे वैद्य त्यापूर्वीही असंख्य होते. फरक नोंदीचा होता. निदान निश्चित करणे, रक्तदाब मोजून लिहून ठेवणे, ठराविक कालावधीनंतर पुन्हा मोजणे आणि निष्कर्ष इतरांच्या परीक्षणासाठी खुले करणे, या क्रमामुळे अनुभवाला पुराव्याचे स्वरूप आले.

अनुभव पुरेसा का नाही?

‘रुग्ण बरा झाला, मग संशोधन कशाला?’ असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. संधिवातासारखे विकार स्वभावतःच कमी-अधिक होत असतात. वेदना असह्य झाल्यावर रुग्ण दवाखान्यात येतो. त्यानंतर काही दिवसांत उपचाराशिवायही वेदना काहीशी कमी होण्याची शक्यता असते. या घटीचे श्रेय औषधाला दिले जाते. शिवाय ज्यांना गुण आला नाही ते रुग्ण परत येत नाहीत, त्यामुळे चिकित्सकाच्या स्मरणात यशच अधिक साठते. हा अप्रामाणिकपणा नव्हे. मानवी स्मृतीची ती मर्यादा आहे आणि नोंद हाच त्यावरील उपाय आहे.

नोंद अपुरी असेल तर हानीचा निर्णयही अनिर्णित राहतो. कोविडच्या काळात गुळवेलीचा वापर वाढल्यानंतर मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये यकृतविकार झालेल्या ६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो मुख्यतः वापरलेल्या वनस्पतीची ओळख निश्चित केलेली नाही, असा. रुग्णाने नेमके काय घेतले, कोठून घेतले आणि किती दिवस घेतले, हे प्रथम भेटीतच लिहून औषधाचा नमुना जपला जात असता, तर अशा वादांचा निर्णय पुराव्यावर करणे सुकर झाले असते.

साहाय्याची क्षेत्रे

१. प्रश्नाची मांडणी : ‘आमवातावर सिंहनाद गुग्गुळ गुणकारी आहे का?’ हा प्रश्न संशोधनासाठी फार व्यापक आहे. ‘मेथोट्रेक्सेट सुरू असलेल्या आमवाताच्या रुग्णांना १२ आठवडे सिंहनाद गुग्गुळ दिल्यास, तो न दिलेल्या तशाच रुग्णांच्या तुलनेत सकाळचा सांध्यांचा ताठरपणा किती मिनिटांनी कमी होतो?’ हा प्रश्न तपासता येतो. रुग्ण, उपचार, तुलना आणि फलित हे चार घटक त्यात स्पष्ट आहेत.

२. नोंदपद्धती : गर्दीच्या दवाखान्यात लांबलचक प्रपत्र भरले जात नाही. केसपेपरला जोडलेले एक पान आणि त्यावर आधुनिक निदान, आयुर्वेदीय निदान, सर्व चालू औषधे, मोजण्याचे एक-दोन निकष व अनिष्ट परिणाम एवढे रकाने पुरेसे असतात. दोन्ही निदाने स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे. कारण आमवात आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवात या संज्ञा नेहमीच तंतोतंत जुळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी पद्धतींच्या संज्ञांचा स्वतंत्र विभाग सादर केल्याने अशा दुहेरी नोंदीला आधार मिळाला आहे.

३. संशोधन आराखडा : प्रत्येक प्रश्नाला मोठ्या चाचणीची गरज नसते. एका रुग्णाचा सविस्तर वृत्तांतही मोलाचा ठरतो. त्यासाठी ‘केअर’ ही मार्गदर्शक तत्त्वे २०१३ पासून उपलब्ध आहेत. त्यापुढील पायऱ्या म्हणजे रुग्णमालिका, तुलनात्मक निरीक्षण आणि यादृच्छिक चाचणी. प्रकृतीनुसार बदलणारे आयुर्वेदीय उपचार चाचणीत बसत नाहीत, हा समजही पूर्णतः खरा नाही. कोइंबतूर येथे ४३ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्यक्तिनिष्ठ आयुर्वेदीय उपचार आणि मेथोट्रेक्सेट यांची तुलना दुहेरी अंध पद्धतीने करण्यात आली. रुग्णसंख्या अल्प असल्याने तो प्राथमिक स्वरूपाचा होता. तथापि अशी तुलना शक्य आहे, हे त्याने दाखविले.

४. नीतिविषयक मार्गदर्शन : दवाखान्यात उपचार करणारा आणि संशोधन करणारा एकच असतो. आपल्या डॉक्टरांना ‘नाही’ म्हणणे रुग्णाला अवघड जाते. म्हणून संमती शक्यतो दुसऱ्या व्यक्तीने, रुग्णाच्या भाषेत घ्यावी आणि नकार दिल्यास उपचारात फरक पडणार नाही, हे स्पष्ट सांगावे. नीतिसमितीची मान्यता आरंभापूर्वीच घ्यावी लागते. भारतातील चिकित्सा चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली. एप्रिल २०१८ पासून तेथे पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते. एकट्या चिकित्सकाला या वाटेवर मार्गदर्शकाची निकड भासते.

संस्थात्मक आधाराचे फलित

असा आधार मिळाल्यास काय साधते, हे क्षारसूत्राच्या उदाहरणावरून दिसते. भगंदरावरील ही प्राचीन चिकित्सा बनारस हिंदू विद्यापीठातील डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा वापरात आणली. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत तिची शस्त्रक्रियेशी तुलना केली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार क्षारसूत्राने जखम भरण्यास सुमारे ८ आठवडे, तर शस्त्रक्रियेनंतर सुमारे ४ आठवडे लागले. मात्र विकार उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के आणि शस्त्रक्रियेत ११ टक्के आढळले. येथे गुण आणि मर्यादा दोन्ही प्रामाणिकपणे समोर आल्या. त्यामुळे शीघ्र बरे होणे आणि विकार न उलटणे यांत निवड करण्यासाठी रुग्णाला आधार मिळाला.

महाविद्यालयांची भूमिका

हे सारे साहाय्य वैद्यकीय महाविद्यालयांनीच पुरवावे असे नाही. रुग्णसंख्या किती असावी हे सांख्यिकीचा अध्यापक सांगू शकतो. वनस्पतीची ओळख वनस्पतिशास्त्र विभाग पटवू शकतो आणि तिचे रासायनिक परीक्षण रसायनशास्त्र विभागाला करता येते. संमतिपत्र सुबोध मराठीत उतरविणे हे भाषा विभागाचे काम आहे, तर संहितांतील संदर्भांचा अर्थ संस्कृतचे अध्यापक उलगडू शकतात. पूर्वप्रकाशित संशोधनाचा शोध घेण्यास ग्रंथपाल साहाय्य करू शकतो. परिसरातील चार-पाच चिकित्सक आणि एक महाविद्यालय यांनी एकच नोंदपत्र स्वीकारले, तरी लहानसे संशोधनजाळे उभे राहते. मात्र चिकित्सकाला केवळ माहिती पुरविणारा न मानता सहसंशोधक मानले पाहिजे, आणि श्रेयाची वाटणी आरंभीच लेखी ठरविली पाहिजे.

समारोप

चिकित्सकाजवळ प्रश्न असतात, रुग्ण असतात आणि अनेक वर्षांचा अनुभव असतो. वेळ, पद्धतीचे शिक्षण आणि सहकारी यांची मात्र उणीव असते. महाविद्यालयांत पद्धती जाणणारे अध्यापक असतात, परंतु जिवंत प्रश्न त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचतात. या दोहोंची भेट घडली, तर समन्वित चिकित्सेविषयीची चर्चा अभिमान आणि उपहास या दोन टोकांवरून पुराव्याच्या भूमीवर येईल. उपयुक्त उपचार टिकतील, निरुपयोगी व अपायकारक उपचार गळून पडतील. त्याचा लाभ अखेरीस मिळेल तो दोन्ही पद्धतींवर विश्वास ठेवून दवाखान्याची पायरी चढणाऱ्या रुग्णाला.